मॅट प्रिंट घोटली जाऊ नये म्हणून

आधी एक प्रयोग करून बघा. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, पेपरवरच्या प्रिंटचा एखादा टाकाऊ तुकडा घ्या, गडद काळा भाग असलेला. नखाच्या पाठीने त्यावर हलकेच दोनदा घासा आणि तुकडा खिडकीसमोर तिरका धरा. काळ्यात एक चकचकीत पट्टा उठलेला दिसेल. शाई निघालेली नाही, कागदही खरवडलेला नाही, फक्त तेवढाच भाग चमकतो. समोरून पाहिलं तर लक्षातही येणार नाही. पण गॅलरीत वरून दिवा पडला की माणसाची नजर आधी तिथेच जाते.

आमच्याकडे याला ‘प्रिंट घोटली गेली’ म्हणतात. शब्द जुनाच आहे. पूर्वी जुन्नरी, दौलताबादी कागद लिहायला गुळगुळीत व्हावा म्हणून दगडाने घोटत. ते मुद्दाम करत, आपल्याकडे ते नको असताना होतं. मॅट पेपरवरचं कोटिंग म्हणजे बारीक, सच्छिद्र पुडीचा थर. त्यावर मॅट ब्लॅक शाईतला कार्बन काजळीसारखा बसतो आणि त्याच्यावर राखण करायला काहीच नसतं. म्हणून पुढचं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती फिरतं: प्रिंटच्या तोंडावरून काही सरकू द्यायचं नाही. ठेवलं तर चालेल, उचललं तर चालेल, सरकवलं की संपलं.

मी पुण्यात 44 इंची मशिनवर चित्रकार-छायाचित्रकारांच्या प्रिंट काढते, बहुतेक 308 जीएसएमच्या (चौरस मीटरला 308 ग्रॅम वजनाच्या) जाड कॉटन पेपरवर. या पेपरला सुटे तंतू फार. तंतूवर शाई पडते, मग तो तंतू गळतो आणि खाली पांढरा ठिपका उरतो. म्हणून छापण्याआधी कागद उभा धरून वरून खाली मऊ रुंद ब्रशने झाडायचा. ड्रॉइंग बोर्ड झाडायचा ब्रश असतो ना, तोच. अप्पा बळवंत चौकात सहज मिळतो. त्याला दुसरं काहीही झाडायचं नाही, टेबलसुद्धा नाही.

पावसाळ्यात कागद दमट होतो, त्याच्या कडा उचलतात आणि प्रिंट हेड त्यांना घासून जातं. जुलै-ऑगस्टमध्ये मी हेडची उंची एक पायरी वाढवते आणि काम संपलं की रोल लगेच सिलिका जेलच्या पुड्यांसकट पिशवीत बंद करते. ऑटो कटर बंद ठेवते, कारण जाड कापसाच्या कागदावर त्याने भुसा पडतो. प्रिंट खालच्या कापडी झोळीत पडू द्यायची नाही. शेवटचा हातभर भाग उरला की भाच्याला हाक मारते. तो खालून धरतो, मी वरून कापते.

धरायचंही एक तंत्र आहे. दोन माणसं, चार कोपरे, मध्ये कागद पाळण्यासारखा सैल. एकट्याने दोन बोटांच्या चिमटीत कड धरून उचललं की कागदाला चंद्रकोर पडते, नखाएवढी वाकडी घडी. ती कधीच जात नाही. सुती हातमोज्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पकड सुटते आणि मोजा नकळत कागदावर घासतो. स्वच्छ धुतलेले कोरडे हात किंवा नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, मोजे बरे. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवायच्या हे सगळे सांगतात. मी आणखी एक सांगते: टेबलावर ओणवं होताना मंगळसूत्र कुडत्याच्या आत टाका, ओढणी मागे बांधा, गळ्यातलं ओळखपत्र काढा. माझ्या हातून एक प्रिंट बिघडली ती मंगळसूत्राच्या वाटीनेच. एका निळ्या पाण्यावर बोटभर रेघ उठली.

कापताना स्टीलची पट्टी प्रिंटवरून ढकलत नेऊ नका. उचलून ठेवा, खाली ग्लासिनचा तुकडा घाला. ग्लासिन म्हणजे तो गुळगुळीत, अर्धपारदर्शक, बटर पेपरसारखा दिसणारा कागद. घेताना आम्लरहित बघून घ्या. स्वयंपाकघरातला बटर पेपर त्याच्या जागी नको, त्यावर बऱ्याचदा सिलिकॉन असतं.

छापून झालेली प्रिंट 24 तास आडवी, उघडी ठेवायची. शाईतला ग्लायकॉल, म्हणजे सावकाश सुकणारा द्रव, हळूहळू उडत असतो. घाईने काचेमागे बंद केली तर महिन्याभरात काचेला आतून धुरकट थर येतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं प्रिंटच फिकी पडली. फ्रेमला जाणार असेल तर पहिल्या दिवसानंतर वर साधा कोरा, कोटिंग नसलेला कागद अलगद ठेवून आणखी एक दिवस थांबते.

आता स्प्रे. फाइन आर्ट प्रिंटसाठीच बनवलेला संरक्षक स्प्रे घ्या. फर्निचरचं क्लिअर लॅकर स्वस्त पडतं, पण ते पुढे पिवळं पडू शकतं. प्रिंट उभी टेकवून साधारण वीतभराहून थोडं जास्त अंतर ठेवायचं. फवारा कागदाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच थांबवायचा, म्हणजे कडेला थेंब साचत नाही. तीन पातळ हात, एक आडवा, एक उभा, पुन्हा एक आडवा. एक जाड हात दिला तर चमक येते, मग मॅट पेपरचे पैसे कशाला मोजले? पावसाच्या दिवशी फवारायचं नाही, दमट हवेत पांढुरकी झाक येते. खोलीत वारा खेळता हवा आणि तोंडाला वाफ अडवणारा मास्क, साधा कापडी नव्हे. स्प्रेने काळा थोडा अधिक गडद दिसतो, म्हणून आधी तुकड्यावर बघा. एवढं करूनही प्रिंट नखाला दाद देणार नाही असं समजू नका. हलकं घासणं सोसेल, इतकंच.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते प्रवासात. काही वर्षांपूर्वी 40 बाय 60 इंची एक प्रिंट मुंबईला प्रदर्शनासाठी पाठवली होती. कोकणकड्यावरून काढलेलं रात्रीचं आकाश, तीन चतुर्थांश काळं. मी वर थेट बबल रॅप गुंडाळला. टेम्पो घाट उतरून पोचला. संध्याकाळी छायाचित्रकाराचा फोन आला: “ताई, एवढे तारे मी काढले नव्हते.” बबल रॅपच्या प्रत्येक फुग्याची गोल चमकती टिकली आकाशभर उमटली होती.

आता माझी पद्धत अशी. प्रिंटहून चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठा ग्लासिन तोंडावर घालते. 6 इंची पुठ्ठ्याच्या नळीवर प्रिंट आणि ग्लासिन एकत्र गुंडाळते, तोंड आत. 4 इंचीहून बारीक नळी मोठ्या मॅट प्रिंटला वापरत नाही, कोटिंगला तडे जाण्याची भीती असते. गुंडाळी घट्ट पिळायची नाही, पण ढिलीही नको. ढिली राहिली की रस्ताभर आतले पदर एकमेकांवर सरकतात. वरून कागदी पट्ट्याचे दोन कमरबंद, टेप पट्ट्यावर, प्रिंटवर नाही. मग बबल रॅप, मग सगळं मोठ्या नळीत, दोन्ही टोकांना कागदाचे बोळे. नळीवर ठळक लिहिते: ‘आतलं टोक ओढू नका, अख्खी गुंडाळी बाहेर काढा.’ टोक ओढलं की प्रत्येक पदर पुढच्याला घोटत बाहेर येतो. 30 बाय 40 पर्यंतच्या प्रिंट मी गुंडाळतच नाही. दोन फोम बोर्डांमध्ये आडव्या पाठवते, कोपऱ्यांना कागदी खोबणी देऊन, म्हणजे आत हलत नाहीत.

फ्रेमवाल्या काकांना दोन गोष्टी तोंडी सांगा, चिठ्ठीवर विसंबू नका. एक, माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किंवा स्पेसर (कडेची पट्टी) घालून काच प्रिंटपासून लांब ठेवायची. दोन, बंद करण्याआधी फडकं मारायचं नाही. त्यांचा हात सवयीने फडक्याकडे जातोच. धूळ असेल तर कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा एक बारीक थेंबही मॅटवर कायमचा डाग ठेवतो.

घोटलेल्या जागेला खोडरबर लावू नका, चमक वाढते. पांढरा ठिपका असेल तर 000 नंबरच्या ब्रशने पातळ पिगमेंट रंगाचं एक टिंब देता येतं, ठिपक्याच्या बाहेर न जाता. चमकेवर मात्र उपाय नाही, पुन्हा छापायचं. म्हणून प्रत्येक कामाची फाइल, पेपरचं नाव आणि प्रोफाइल (त्या पेपरसाठीची रंगांची सेटिंग) मी वहीत उतरवून ठेवते.

कोकणकड्याची प्रिंटही अशीच वहीवरून दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली, माझ्या खर्चाने. पहिली अजून कपाटामागे उभी आहे. नवा स्प्रे आला की तिचीच पट्टी कापून तपासते. अर्ध्याहून जास्त आकाश त्यात संपलं आहे.