एल्कचा टॅग लागला. आता ऑक्टोबरपर्यंतची तयारी

एल्क म्हणजे मोठ्या जातीचं हरीण; त्याच्या शिकारीचा टॅग, म्हणजे एका जनावरापुरतं लायसन्स, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात ड्रॉ म्हणजे सोडतीतून मिळतो. मेअखेर-जूनच्या सुमारास या ड्रॉचा निकाल लागतो आणि ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो, "दादा, नंबर लागला! रायफल कुठली घेऊ?" मी आधी विचारतो, कार्डावरून पैसे गेले का? कार्ड चाललं नसेल तर मुदतीच्या आत पैसे भरावे लागतात, नाहीतर हातातला टॅग जातो. त्यानंतर विचारतो, जनावर पडल्यावर साठ-सत्तर किलो मांस डोंगरावरून गाडीपर्यंत कोण आणणार? सगळी तयारी या प्रश्नापासून सुरू करा. राष्ट्रीय वनात किंवा बीएलएम या केंद्रीय जमीन-खात्याच्या सरकारी जमिनीवर जमीनमालकाची परवानगी लागत नाही, पण तिथे ट्रॅक्टर घेऊन मदतीला येणाराही कुणी नसतो.

कागदांचं थोडक्यात सांगतो. १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा, म्हणजे शिकारीच्या सुरक्षिततेचा, कोर्स लागतो. ते कार्ड लायसन्सजवळच ठेवा. आपल्यातले बरेच जण एच-१बीवर असतात, त्यांनी हे नीट वाचावं: तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि वैध शिकार लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे मित्राची रायफल नेमबाजीच्या रेंजवर सरावापुरती हातात घ्यायची तरी लायसन्स आधी हवं, आणि त्याची मुदत कधी संपते तेही पाठ हवं. शंका असेल तर वकिलाला विचारा, रेंजवरच्या माणसाला नाही.

उन्हाळ्यात निदान दोनदा आपल्या युनिटमध्ये, म्हणजे टॅगवर लिहिलेल्या शिकारीच्या विभागात, जाऊन या. नकाशा फोनवर उतरवून घ्या, कारण वर मोबाइलला सिग्नल नसतो. खाजगी जमिनीच्या हद्दी त्यात दिसायलाच हव्यात. पाणी कुठे आहे, गाडी कुठवर जाते, कुठल्या उतारावर ताज्या लेंड्या आहेत, हे बघून ठेवा. जुलैत दिसलेला कळप ऑक्टोबरात तिथेच असेल असं धरू नका, पण जमीन पायाखालची झालेली असेल. टाल्कम पावडरची छोटी डबी खिशात ठेवा. सकाळी गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढते, संध्याकाळी पुन्हा खाली. चिमूटभर पावडर सोडली की आपला वास कुठे चाललाय ते कळतं. एल्कला वास लागला की त्या दिवसाची शिकार संपली.

रायफलीबद्दल कायद्याची मुख्य अट: एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (नळीचा व्यास, इंचात) आणि किमान ८५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोळी. घरात .२७० किंवा .३०-०६ असेल तर नवीन विकत घेऊ नका, ते पैसे काडतुसांवर घाला. बाकावर वाळूच्या पिशव्या टेकवून मारलेले बार मी सरावात धरत नाही. गुडघ्यावर बसून, काठ्यांच्या टेकूवर, थोडं पळून धाप लागल्यावर ज्या अंतरावरून पाचपैकी पाच गोळ्या जेवणाच्या ताटात बसतात, ते तुमचं अंतर. ते १५० यार्ड निघालं तर १५०. मुक्या जनावराला जखमी करून रात्रभर रानात सोडण्याचा हक्क आपल्याला कुठल्याही टॅगने दिलेला नाही.

कपड्यांत एकच गोष्ट कायद्याची आहे: कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा भडक गुलाबी रंग, आणि त्याच रंगाची टोपी. रंग सलग हवा, कॅमोच्या, म्हणजे झाडीत मिसळणाऱ्या नक्षीच्या, ठिपक्यांचा चालत नाही. बाकी लोकर घाला, सुती नको.

शरीराची तयारी मात्र हलक्यात घेऊ नका. डेन्वर शहरच जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर आहे आणि एल्क त्याच्याही हजार-दीड हजार मीटर वर असतात. समुद्रसपाटीवरून येणाऱ्याने दोन दिवस आधी यावं. मी ऑगस्टपासून पाठीवर २० किलो तांदूळ घेऊन टेकडी चढतो.

आता मांस. समजा, मादी गाडीपासून चार किलोमीटर आत पडली. एका खेपेला बावीस किलो धरले तरी तीन खेपा, म्हणजे जाऊन-येऊन वीस किलोमीटर. एकटे असाल तर दोन किलोमीटरच्या आतच शिकार करा, असं माझं स्पष्ट मत आहे. पिशवीत पाजवलेल्या दोन सुऱ्या, जाळीच्या पाच-सहा कापडी पिशव्या, हेडलॅम्प आणि त्याचे जादा सेल, आणि पंधरा मीटर दोरी. पहिल्या वर्षी दोरी माझ्याकडे नव्हती. उतारावर पडलेली मादी सुरीच्या प्रत्येक ओढीबरोबर खाली सरकायची. तिचा मागचा पाय खांद्यावर तोलून एका हाताने कापत होतो. कातड्याखालून वाफ येत होती आणि बोटं मात्र थंडीने बधिर. तीन तास लागले. झाडाला पाय बांधला असता तर काम निम्म्या वेळात झालं असतं.

टॅगवर सही-तारीख लगेच करा. पोट फाडायची गरज नाही: पाठीच्या कण्यावरून कातडं सोला, पुढचा फरा काढा, खुब्याच्या सांध्यात सुरीचं टोक घालून मागची मांडी सोडवा, पाठीचा पट्टा आणि मान काढा, मग जनावर उलटवा. एका मांडीला कास नैसर्गिकरीत्या चिकटलेली राहू द्या, मादी असल्याचा तो पुरावा असतो. कातड्यात अडकलेली ऊब मांस नासवते, म्हणून प्रत्येक तुकडा सावलीत, वाऱ्यावर टांगा. गाडीत दोन मोठे कूलर बर्फासकट तयार असू द्या. आणि घरच्यांना नकाशावर जागा दाखवून, परतण्याची वेळ सांगून निघा.

सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा आजार आहे. याच राज्यात फोर्ट कॉलिन्सला १९६७ मध्ये तो पहिल्यांदा दिसला. डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच ठेवा. निकाल चांगला आला तर मांडी कुकरला लावू नका; एल्कला चरबी जवळजवळ नसतेच, शिट्ट्यांनी चोथा होतो. कांदा-लसूण मसाला, थोडं जास्त तेल, जड बुडाचं पातेलं आणि मंद आचेवर तीन तास.