उन्हाळ कांदा: खताचे नियोजन आणि घरच्या बियाण्याची निवड

रब्बीत लावून उन्हाळ्यात काढल्या जाणाऱ्या उन्हाळ कांद्याचे उत्पादन आणि त्याचा चाळीतला, म्हणजे हवेशीर साठवणीतला, टिकाऊपणा, या दोन्ही गोष्टी बियाण्याच्या आनुवंशिक गुणांवर आणि पिकाला मिळालेल्या अन्नद्रव्यांवर अवलंबून असतात, हे कांदा उत्पादकाला वेगळे सांगावे लागत नाही. घरचे बियाणे तयार करताना मात्र या दोन बाबींचा एकत्र विचार क्वचितच होतो. खताचा हिशोब विक्रीच्या कांद्यासाठी केला जातो, आणि बियाण्याचे कांदे, म्हणजे पुढे लावून ज्यांपासून बी घ्यायचे ते, काढणीनंतर ढिगातून, नजरेत भरतील तसे, उचलले जातात. ढिगातला मोठा कांदा मुळात गुणाने मोठा आहे, की बांधाकडेची मोकळी जागा आणि जास्तीचा युरिया मिळाल्यामुळे मोठा झाला आहे, हे ढिगाकडे पाहून कळत नाही. जागेमुळे आलेले मोठेपण बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरत नाही. त्यामुळे निवडीची तयारी पुनर्लागवडीच्या (रोपे शेतात लावण्याच्या) वेळीच, खतापासून सुरू करावी लागते.

सुरुवात सरळ वाणापासून, म्हणजे ज्याच्या बियाण्यातून तेच गुण पुढे येतात अशा असंकरित वाणापासून, करावी. पिंपळगाव बसवंत येथे स्थानिक कांद्यातून निवड करून काढलेला एन-२-४-१ आणि राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा किरण व भीमा शक्ती हे वाण रब्बीसाठी परिचित आहेत. संकरित वाणाचे बियाणे घरी धरू नये, कारण पुढच्या पिढीत त्याचे गुण विस्कटतात. संकरित कांद्याची पैदास शक्य झाली ती १९२५ मध्ये हेन्री जोन्स यांना कॅलिफोर्नियात सापडलेल्या एका नरवंध्य (कार्यक्षम पराग न देणाऱ्या) झाडामुळे. संकरित बियाण्यासाठी जनक ओळी (ज्यांच्या संकरातून ते बी तयार होते त्या मूळ ओळी) स्वतंत्रपणे सांभाळाव्या लागतात आणि ते काम शेतावर होण्यासारखे नाही. सरळ वाणाचे बी मात्र शेतकऱ्याने धरणे, पेरणे, देवाणघेवाण करणे, इतकेच नव्हे तर ब्रँडचे नाव न लावता विकणे, याला २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने स्पष्ट मुभा दिलेली आहे.

आता खत. कांद्याची मुळे उथळ असतात, त्यांतली बहुतांश वरच्या १५ ते २० सेंटिमीटरच्या थरात राहतात आणि त्यांना केसमुळे फार कमी असतात. म्हणून खोल गेलेले किंवा एकदम दिलेले खत या पिकाच्या फारसे उपयोगी पडत नाही. चांगले कुजलेले शेणखत एकरी ६ ते ८ टन पूर्वमशागतीच्या वेळी मिसळावे. कच्चे शेणखत टाळावे, कारण त्यासोबत तणाचे बी आणि हुमणी (मुळे खाणारी अळी) शेतात येते. रासायनिक खताची सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ५० किलो पालाश (पोटॅश) अशी आहे, म्हणजे एकरी ४०, २० आणि २० किलो. माती परीक्षणाचा अहवाल हाती असेल तर त्याप्रमाणे यात फेरफार करावा.

स्फुरद कोणत्या खतातून द्यायचे, हा निर्णय कांद्यात विशेष महत्त्वाचा आहे. माझे स्पष्ट मत सिंगल सुपर फॉस्फेटच्या बाजूने आहे. त्यात १६ टक्के स्फुरदाबरोबर सुमारे ११ टक्के गंधक असते, त्यामुळे एकरी १२५ किलो सुपर फॉस्फेटमधून २० किलो स्फुरद तर मिळतेच, शिवाय पावणेचौदा किलोच्या आसपास गंधकही जमिनीत जाते. कांद्याचा तिखटपणा आणि वास गंधकयुक्त संयुगांमुळे असतो, आणि गंधक कमी पडले की पात पिवळसर होऊन वाढ मंदावते. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या दुसऱ्या स्फुरदयुक्त खतात गंधक नसते. ते वापरायचे असेल तर गंधक वेगळे द्यावे लागते. पालाशासाठी ३३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश पुरते. पुनर्लागवडीच्या वेळी संपूर्ण स्फुरद व पालाश आणि निम्मे नत्र, म्हणजे सुमारे ४३ किलो युरिया, द्यावे. उरलेला युरिया दोन सारख्या हप्त्यांत, साधारण २२ किलोप्रमाणे, ३० व्या आणि ४५ व्या दिवशी टाकावा.

साठ दिवसांनंतर नत्र देऊ नये. पात हिरवीगार दिसावी म्हणून दिलेला उशिराचा युरिया कांद्याची मान (कांदा आणि पात यांना जोडणारा भाग) जाड करतो. जाड मान काढणीनंतर नीट सुकत नाही आणि चाळीत सड तिथूनच शिरते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्त आणि लोह यांची कमतरता वारंवार दिसते. कोवळ्या पातीवर पिवळेपणा आला तर लगेच युरियाकडे न वळता आधी सूक्ष्म अन्नद्रव्यांचा विचार करावा, कारण नत्राच्या कमतरतेचा पिवळेपणा जुन्या पातीपासून सुरू होतो.

ज्या प्लॉटमधून बियाण्याचे कांदे निवडायचे आहेत, तिथे खत मोजून आणि प्रत्येक वाफ्यात सारखे पडले पाहिजे. ४५ ते ५५ दिवसांची रोपे १५ बाय १० सेंटिमीटर अंतरावर लावावीत आणि नांग्या (रोपे मेलेल्या रिकाम्या जागा) लवकर भराव्यात. जास्त वयाची रोपे वापरली तर थंडीत डेंगळे (अवेळी निघणारे फुलांचे दांडे) वाढतात, आणि मग कोणते डेंगळे स्वभावाने आले आणि कोणते रोपाच्या वयामुळे, हे सांगता येत नाही.

काढणीपूर्वी शेताचे दहा-बारा सारखे तुकडे कल्पून घ्यावेत आणि प्रत्येक तुकड्यातून त्या तुकड्यातलीच उत्तम झाडे खुणा करून ठेवावीत. सकस तुकड्यात सगळेच कांदे मोठे असतात. तिथल्या मध्यम कांद्यापेक्षा हलक्या तुकड्यात शेजाऱ्यांपेक्षा सरस ठरलेला कांदा आनुवंशिक गुणाने अधिक चांगला असण्याची शक्यता जास्त असते. बांधाकडेच्या ओळी, पाटाच्या कडेची झाडे आणि मोकळ्या जागेशेजारची झाडे निवडीतून वगळावीत. झाडाला डेंगळा नसावा, मान बारीक असावी आणि शेतातील निम्म्या माना पडतात (पात मानेशी वाकून आडवी होते) त्याच सुमारास त्याचीही मान पडलेली असावी. काढल्यावर गोल, एकसारख्या रंगाचे, ६० ते ८० ग्रॅम वजनाचे कांदे ठेवावेत. जोड कांदे आणि चिंगळी (अगदी लहान कांदे) बाजूला काढावी. संख्येत काटकसर करू नये. कांदा हे परपरागीभवन होणारे (दुसऱ्या झाडाच्या परागाने बी धरणारे) पीक आहे, मोजक्याच कांद्यांपासून पिढ्यान्‌पिढ्या बी धरले तर वाणाचा जोम झपाट्याने घटतो, म्हणून अखेरीस लागवडीला काही शे कांदे उरतील या हिशोबाने सुरुवातीला त्याच्या दुप्पट-तिप्पट निवडावेत.

निवडलेले कांदे पातीसकट तीन-चार दिवस शेतात असे पसरावेत की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यांवर येईल. नंतर मान तीन-चार सेंटिमीटर ठेवून पात कापावी आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवून कांदे हवेशीर चाळीत, इतर मालापासून वेगळे ठेवावेत. मे ते ऑक्टोबर हा चाळीतला काळ निवडीचाच दुसरा टप्पा आहे. जे कांदे सडले, ज्यांना मोड आले किंवा ज्यांचे वजन उघडपणे घटले, ते आपोआप बाद होतात आणि टिकाऊपणाचा गुण असलेले मागे राहतात. ही चाळण शेतकऱ्याच्या स्वतःच्या हवामानात आणि स्वतःच्या चाळीत होते, म्हणून घरच्या बियाण्याचे मोल मला फार वाटते.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हे कांदे लावावेत. लावण्यापूर्वी प्रत्येक कांद्याचा वरचा एक तृतीयांश भाग धारदार सुरीने कापावा. कापात एकच केंद्र आणि त्याभोवती सलग वर्तुळे दिसली तर कांदा ठेवावा. दोन-तीन केंद्रे दिसली तर तो स्वयंपाकघरात पाठवावा, कारण जोड कांद्याची प्रवृत्ती पुढे उतरते. कापल्यामुळे कोंबही लवकर आणि एकसारखे येतात. कापलेले कांदे लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या द्रावणात बुडवून, निथळून, ६० बाय ३० सेंटिमीटरवर लावावेत. एका गुंठ्यात साधारण साडेपाचशे कांदे बसतात. पराग मिसळू नये म्हणून दुसऱ्या वाणाच्या बीज प्लॉटपासून प्रमाणित बियाण्यासाठी किमान ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून प्रमाणित बी तयार करतात) १००० मीटर अंतर लागते. घरच्या बियाण्यालाही निदान ५०० मीटर पाळावेत, आणि शेजारच्या शेतकऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे.

फुलोऱ्याच्या काळात मधमाशी नसेल तर खताचा सगळा खर्च वाया जातो. कांद्याच्या एका फुलातले पराग आधी मोकळे होतात आणि त्याचा स्त्रीकेसर नंतर परागग्रहणक्षम होतो, त्यामुळे पराग दुसऱ्या फुलातून कीटकांनीच आणावा लागतो. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे (फुलांचे गुच्छ) उमलण्यापूर्वी करावा, फुलोऱ्यात कीटकनाशकाची फवारणी बंद ठेवावी आणि शक्य असल्यास मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात. बीज प्लॉटलाही उशिरा नत्र देऊ नये, दांडे कोवळे राहून लोळतात.

गोंड्यातील दहा ते वीस टक्के बोंडे फुटून काळे बी दिसू लागले की तो गोंडा सकाळी, दव असताना, थोड्या दांड्यासह कापावा. सगळे गोंडे एकदम तयार होत नाहीत, म्हणून काढणी दोन-तीन वेळा करावी लागते. मळणीनंतर बी सावलीत सुकवून ओलावा सहा ते आठ टक्क्यांवर आणावा आणि हवाबंद डब्यात ठेवावे. कांद्याचे बी साध्या हवेत वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागते, म्हणून ते त्याच वर्षी वापरावे. रोपवाटिका टाकण्यापूर्वी शंभर बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बाराव्या दिवशी मोजाव्यात. प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवण ७० टक्के धरलेली आहे, तिच्याखाली घरचे बी आले तर ते पेरू नये.

पुढच्या हंगामात या बियाण्याचे चार वाफे आणि विकतच्या बियाण्याचे चार वाफे एकाच शेतात आलटून पालटून, खताची तीच मात्रा देऊन लावावेत. काढणीच्या वेळी वजन, जोड कांदे आणि डेंगळे वाफेनिहाय लिहून ठेवावेत आणि दोन्ही ढीग चाळीत वेगवेगळे ठेवून ऑक्टोबरमध्ये पुन्हा तोलावेत.