स्लॅब टाकायच्या आधीच नियम पाळून घ्या: मराठवाड्यात घर बांधणाऱ्यांसाठी

बांधकामाचे नियम नगरपालिका स्वतः करते, हा समज आधी काढून टाका. छत्रपती संभाजीनगर असो की परतूर, डिसेंबर 2020 पासून चालते ती राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. एखाद्या शहराला त्यात बदल हवा असेल, तर नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली सभेत ठराव होतो, राजपत्रात सूचना निघते, महिनाभर हरकती घेतात आणि शेवटी मंजुरी शासन देतं. त्या महिन्यात हरकत द्यायची असेल तर नियमाचा क्रमांक, अडचण आणि त्याजागी हवी ती वाक्यरचना लिहून द्या. आवक क्रमांकाची पोच घ्या. नुसता ‘आमचा विरोध आहे’ असा अर्ज सुनावणीत टिकत नाही.

आता तुमच्या प्लॉटकडे. आधी पीआर कार्ड (शहरी जागेचा मालकी उतारा) किंवा सातबारा, खरेदीखत, मोजणी नकाशा आणि मंजूर रेखांकन (प्लॉट पाडल्याचा मंजूर नकाशा) एकापुढे एक मांडा आणि चारही ठिकाणचं क्षेत्रफळ जुळतं का बघा. बहुतेक फाइली इथेच अडतात: खरेदीखतात एक माप, जागेवर दुसरं. मोजणी आधी करा, आर्किटेक्टकडे मग जा. मंजूर रेखांकनातला 150 चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट असेल तर आर्किटेक्टने प्रमाणित केलेला नकाशा दाखल करून शुल्क भरल्यावर काम सुरू करता येतं. 150 ते 300 पर्यंत 10 दिवसांत परवानगी अपेक्षित आहे. त्याहून मोठ्या कामाची छाननी पूर्ण होते.

कायद्यात निर्णयाची मुदत 60 दिवसांची आहे. ती उलटली तर परवानगी मिळाली असं मानलं जातं, हे खरं. पण दिवस मोजायचे ते तुम्ही शेवटच्या त्रुटीचं उत्तर दिल्यापासून, आणि नकाशा नियमात बसत असेल तरच. म्हणून त्रुटीचं पत्र आलं की सगळी उत्तरं एकदमच द्या. नकार आला तर 40 दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. वर्षभरात काम सुरू झालं नसेल तर मुदत संपण्याआधी परवानगीचं नूतनीकरण करून घ्या. हे विसरलं की भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे घर वापरायच्या परवानगीच्या, वेळी अडतं.

कागद मंजूर झाला म्हणजे घर भक्कम झालं असं नाही. 1993 ला किल्लारी भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होती. 2002 च्या सुधारणेत झोन 1 रद्द झाला आणि लातूर-किल्लारीचा पट्टा झोन 3 मध्ये आला. त्या पट्ट्यात कॉलमचं स्टील आयएस 13920 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे बांधायला हवं, आणि ते कुणी बघायचं तर काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोकं 135 अंशांत आत वळलेली आणि किमान 65 मिलिमीटर लांब हवीत. घाईत ती 90 अंशांतच सोडतात. मग धक्क्यात काँक्रीटचं आवरण सुटतं, रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. बीम-कॉलमच्या जोडाजवळ रिंगांमधलं अंतर 100 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. कॉलमला 40 आणि स्लॅबला 20 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीटचं आवरण, ठेवा, आणि त्यासाठी खडीचे तुकडे नकोत, कव्हर ब्लॉक वापरा. इथे मिस्त्रीशी वाद झाला तरी चालेल, पण काँक्रीट थांबवा. टेप लावून फोटो काढून ठेवा. एकदा ओतलं की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

पाया काळ्या मातीत थांबवू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. खोदाई घट्ट मुरुमापर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइलचा (तळाशी फुगीर असलेल्या खोल काँक्रीट खांबांचा) हिशोब इंजिनिअरकडून करून घ्या.

जोत्यापर्यंत काम आलं की सामासिक अंतरं, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, पुन्हा मोजा. इथे फूटभर सरकलेली भिंत दुरुस्त करता येते. दोन मजले चढल्यावर ती पाडावी लागते. नकाशाबाहेर काम दिसलं तर प्राधिकरण कलम 54 खाली काम थांबवतं, कलम 53 खाली हटवायची नोटीस देतं, आणि कलम 52 खाली एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. दंड मात्र दोन ते पाच हजारांचाच, त्यामुळे त्याची भीती कुणाला वाटत नाही. खरा फटका नंतर बसतो: भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही, आणि विकायला किंवा कर्ज काढायला गेलं की बँक तेच मागते.

500 चौरस मीटर किंवा मोठा प्लॉट असेल तर पाऊसपाणी साठवण बंधनकारक आहे. लातूरला 2016 मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, म्हणून पावसाच्या पाण्याचा खड्डा नुसता नकाशावर काढू नका.

गुंठेवारीतलं, म्हणजे मंजूर रेखांकनाशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जागेवरचं, जुनं घर असेल तर वाट वेगळी. गुंठेवारी कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करता येतात, म्हणून त्या तारखेआधीची करपावती आणि वीजबिल शोधून फाइलला लावा.