पगाराच्या स्लिपवरचा पीटी: किती कापायला हवा, कसा तपासायचा

फेब्रुवारीचा पगार झाला की लोट्याच्या एमआयडीसीपासून मालवणच्या हॉटेलांपर्यंत एकच विचारणा होते: दर महिन्याला २०० कापतात, मग यंदा ३०० कसे? ती चूक नाही. पीटी म्हणजे व्यवसाय कर, आणि तो राज्य सरकारचा. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे तो एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. महाराष्ट्राने ही रक्कम ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० अशी बसवली आहे. टीडीएस ही वेगळी ओळ असते. तो पगारातूनच आधी कापून घेतलेला केंद्राचा आयकर, त्याचा हिशेब वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावर होतो. पीटी मात्र त्या त्या महिन्याच्या पगारावर ठरतो.

स्लिप हातात घेतली की आधी कपातीच्या रकान्याकडे जाऊ नका. डावीकडची एकूण पगाराची रक्कम बघा. पुरुषांना ७,५०० पर्यंत पीटी नाही, ७,५०१ ते १०,००० ला १७५ आणि त्यापुढे २००. बायकांना २५,००० पर्यंत काहीच नाही. ही सवलत १ एप्रिल २०२३ पासून आहे, त्याआधी मर्यादा १०,००० होती. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात १४,००० वर काम करणाऱ्या बाईच्या स्लिपवर आजही २०० दिसत असतील तर ते चुकीचे आहेत. अशा वेळी बहुधा पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी मर्यादा राहिलेली असते, नाहीतर ‘स्त्री’ अशी नोंदच झालेली नसते. वर्षाचे २,५०० म्हणजे अशा घरात लहान रक्कम नव्हे, म्हणून हे आधी तपासा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पीएफमुळे. समजा, एका बाईंचा मूळ पगार १६,०००, महागाई भत्ता ४,००० आणि घरभाडे भत्ता ५,६००. एकूण झाले २५,६००. त्यातून पीएफचे १,८०० गेले की उरतात २३,८००. आता ‘मी तर २५ च्या आत आहे’ असं वाटणं साहजिक आहे, पण पीटी बघतो तो पीएफ कापायच्या आधीचा आकडा. म्हणून इथे २०० बरोबर आहेत. एखाद्या महिन्यात ओव्हरटाइममुळे पगार २५ हजारांच्या वर गेला तर त्या महिन्यापुरताच कर लागतो, पुढच्या महिन्यात पगार खाली आला की शून्य.

हंगामी कामात हे जास्त जाणवतं. आंब्याच्या कॅनिंगमध्ये मे महिन्यात एका गड्याचे १४,००० झाले तर २००. जूनमध्ये पाऊस लागून काम मोडलं आणि हातात ६,८०० आले तर काहीच नाही. फेब्रुवारीत कामावर नसलेल्याला ३०० चा प्रश्नच नाही.

वय ६५ च्या वर असेल, ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व असेल, किंवा मुलाला तसं अपंगत्व असेल, तर हा कर माफ आहे. पण दाखला दिल्याशिवाय कार्यालयाला ते कळणार कसं? वर्ष सुरू होतानाच प्रत देऊन पोच घ्या.

जास्त कापलं असेल तर महिना आणि रक्कम लिहून अर्ज द्या आणि परत मागा. तोंडी सांगितलेलं पुढच्या पगारापर्यंत विसरलं जातं. उलट मालक कापायचा विसरला, तरी कायद्याने सरकारला भरण्याची जबाबदारी त्याचीच.

एक अडचण मात्र आहे: टीडीएस भरला की नाही हे २६एएस वर, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या उताऱ्यावर, दिसतं, पीटी तिथे दिसत नाही. तेव्हा बाराही स्लिपा जपून ठेवा, आणि फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा मालकाचा दाखला) मिळाला की त्यातल्या व्यवसाय कराच्या आकड्याशी त्यांची बेरीज ताडून बघा. आयकराची जुनी पद्धत घेतली असेल तर एवढी रक्कम उत्पन्नातून वजा होते. नव्या पद्धतीत होत नाही.