अलेक्सी नेमोव्हची कारकीर्द गावातील मुलांना कशी शिकवावी

विदर्भातील बहुतेक खेड्यांच्या शाळांत जिम्नॅस्टिक्स हा विषय साहित्य नाही म्हणून दोन-चार कोलांटउड्यांवरच आटोपतो. साहित्य नाही हे खरेच आहे. पण एखाद्या थोर जिम्नॅस्टची कारकीर्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट समजावून दिली, तर मुलांना हा खेळ डोळसपणे पाहता येतो, गुण कशाचे मिळतात आणि कशामुळे कापले जातात हे कळते, आणि मैदानावर काय करायचे व काय करायचे नाही याची समजही येते. इयत्ता सहावी ते नववीच्या मुलांसाठी रशियाचा अलेक्सी नेमोव्ह निवडावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याच्या नावावर ऑलिंपिकची १२ पदके आहेत, पण ते कारण दुय्यम आहे. त्याच्या खेळातील बळ आणि चूक या दोन्ही गोष्टी न शिकलेल्या डोळ्यालाही दिसतात, हे खरे कारण.

पहिल्या तासिकेला फळ्यावर पदकांचा तक्ता लिहू नये. तक्ता लिहिला की मुले तो पाठ करतात आणि विषय तेथेच संपतो. त्याऐवजी एक आडवी रेघ ओढून तिच्यावर वय लिहावे. नेमोव्हचा जन्म २८ मे १९७६ रोजी मोर्दोव्हिया प्रांतात झाला आणि तो वाढला व्होल्गा नदीकाठच्या तोल्यात्ती या मोटार कारखान्याच्या शहरात. तेथे पाचव्या वर्षाच्या सुमारास त्याचा सराव सुरू झाला. त्याच्या पंधराव्या वर्षी सोव्हिएत संघ विसर्जित झाला, म्हणजे ज्या व्यवस्थेने त्याला घडवले तीच त्याच्या ऐन उमेदीत कोसळली. एकोणिसाव्या वर्षी, १९९५ मध्ये, जपानमधील साबाए येथे व्हॉल्टचे, म्हणजे धावत येऊन साधनावर हात टेकून घेतलेल्या उडीचे, जागतिक सुवर्ण त्याला विभागून मिळाले. विसाव्या वर्षी अटलांटा, चोविसाव्या वर्षी सिडनी आणि अठ्ठाविसाव्या वर्षी अथेन्स अशी त्याची तीन ऑलिंपिक. पाच आणि एकोणीस या दोन आकड्यांमधील रिकामी रेघ मुलांना बोटाने दाखवावी आणि या चौदा वर्षांत तो काय करत असेल, असा प्रश्न विचारून उत्तरे येऊ द्यावीत. शिक्षकाने तेथे घाई करू नये.

दुसरी तासिका मैदानावर घ्यावी. दोरी, मोजपट्टी आणि थोडा चुना एवढ्यावर काम भागते. फ्लोअर एक्सरसाइजचा, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींचा, चौरस १२ मीटर बाय १२ मीटर असतो; तो चुन्याने आखावा. त्याचा कर्ण जवळपास १७ मीटर भरतो, आणि जिम्नॅस्टच्या मोठ्या उड्यांची रांग याच कर्णावर, रेघ न ओलांडता, पूर्ण व्हावी लागते. मुलांना त्या कर्णावर धावायला लावून शेवटच्या कोपऱ्यात दोन्ही पाय जुळवून थांबायला सांगावे. निम्मी मुले रेघेबाहेर जातात. व्हॉल्टची धावपट्टी २५ मीटरपर्यंत असते, तीही आखावी. मग शाळेच्या भिंतीवर जमिनीपासून २.८० मीटर उंचीवर खडूने खूण करावी. हॉरिझाँटल बार, ज्याला आपली मुले सिंगल बार म्हणतात, तो इतक्या उंचीवर असतो आणि रिंग्ज, म्हणजे पट्ट्यांना टांगलेल्या दोन कड्या, त्याही त्याच उंचीवर लटकतात. वर्गातील सर्वांत उंच मुलगा हात वर करून उभा राहिला तरी खूण त्याच्या बोटांच्या बरीच वर राहते. त्या उंचीवरच्या बारला पकडून माणूस पूर्ण गोल फिरतो, बार सोडतो आणि पुन्हा पकडतो, हे आता त्यांना अंगावर आल्यासारखे समजते. पॉमेल हॉर्स (वर दोन मुठी बसवलेला घोडा) आणि पॅरलल बार (दोन समांतर दांडे) यांची चित्रे दाखवली तरी पुरते.

तिसरी तासिका अथेन्ससाठी पूर्ण राखून ठेवावी. २००४ च्या ऑलिंपिकमधील हॉरिझाँटल बारच्या अंतिम फेरीचे चित्रीकरण आदल्या रात्री मोबाईलवर उतरवून घ्यावे, कारण ऐन वेळी गावात रेंज मिळेलच असे नाही. शाळेत मोठा पडदा असल्यास उत्तम. नसल्यास सात-आठ मुलांचे गट करून दाखवावे. पहिल्यांदा आवाज बंद ठेवावा. नेमोव्ह बार सोडून पुन्हा पकडतो अशा सहा उड्या घेतो आणि त्यांपैकी चार लागोपाठ आहेत. त्यांतील काही उड्या सोव्हिएत जिम्नॅस्ट अलेक्सांद्र त्काचेव्ह याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारच्या आहेत. दुसऱ्यांदा दाखवताना अशा एका त्काचेव्ह उडीवर मध्येच थांबवावे: झोका खालून वर येताना शरीर आधी ताणले जाते, मग पाय जोरात पुढे-वर फेकले जातात, हात सुटतात, आणि ज्या बारला धरले होते त्याच बारवरून अंग पाठमोरे पलीकडे जाते. क्षणभर त्याच्या हातात काहीच नसते. मग बोटे बारवर पडतात आणि तोच झोका पुढच्या उडीसाठी वापरला जातो. शेवटी तो जमिनीवर उतरतो तेव्हा एक मोठे पाऊल सरकते. ते पाऊल मुलांना स्वतःहून दिसू द्यावे.

त्यानंतर पाच मुलांना पंच करावे, प्रत्येकाने दहापैकी गुण कागदावर लिहावेत, सर्वांत जास्त व सर्वांत कमी आकडा सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. मग सांगावे की नेमोव्हला प्रथम ९.७२५ गुण मिळाले, प्रेक्षकांनी इतका वेळ आरडाओरडा केला की स्पर्धा खोळंबली, गुण वाढवून ९.७६२ करण्यात आले, तरीही गोंगाट थांबेना. अखेर नेमोव्ह स्वतः पुढे आला आणि पुढच्या खेळाडूला खेळता यावे म्हणून हातांनी खूण करून लोकांना शांत राहण्याची विनंती केली. तो पाचवा आला. आता आवाज चालू करून हा भाग पुन्हा दाखवावा. वर्गात वाद होतोच, आणि तो होऊ द्यावा. मात्र पंचांनी अन्याय केला एवढेच बोलून थांबू नये. सरकलेले पाऊल खरे होते आणि लागोपाठच्या चार उड्यांचे मोल गुणांत पुरेसे उतरले नाही हेही खरे होते, या दोन्ही गोष्टी मुलांनी एकत्र धरायला शिकावे. २००६ पासून दहाची कमाल मर्यादा गेली आणि कठीणपणाचे गुण वेगळे व सादरीकरणाचे गुण वेगळे मोजण्याची पद्धत लागू झाली. सादरीकरण दहापासून सुरू होते. उतरताना लहान पाऊल सरकल्यास ०.१ आणि पडल्यास १ गुण वजा होतो.

या आकड्यांचा उपयोग गणिताच्या शिक्षकांनाही होईल. अटलांटामध्ये वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धेत, म्हणजे सर्व साधनांवरील गुणांच्या बेरजेत, चीनच्या ली शियाओशुआंगकडून नेमोव्ह अवघ्या ०.०४९ गुणांनी मागे राहिला, म्हणजे आजच्या हिशेबाने एका लहान पावलाच्या निम्म्यापेक्षाही कमी. चार वर्षांनी सिडनीत त्याने हीच स्पर्धा जिंकली. शिवाय हॉरिझाँटल बारवर त्याचे आणि फ्रान्सच्या बेंजामिन व्हारोनियानचे गुण ९.७८७ असे समान झाले आणि बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्ण नेमोव्हला मिळाले. अटलांटात त्याच्या संघाने जिंकलेले सांघिक सुवर्ण रशियाच्या पुरुषांना पुन्हा मिळायला २०२१ चे टोकियो उजाडले. तेथे नागोर्नी, दालालोयान, बेल्याव्स्की आणि अब्ल्याझिन यांनी जपानला ०.१०३ ने हरवले. पूर्ण संघाच्या सर्व कसरतींची बेरीज, आणि फरक एका पावलाचा!

म्हणून पुढच्या सरावाचा केंद्रबिंदू उतरणे हाच ठेवावा. हा खेळ पाहिल्यावर मुले झाडाच्या फांदीला लटकून तसेच करून पाहण्याचा धोका असतो. बार सोडण्याची कोणतीही नक्कल प्रशिक्षित मार्गदर्शक आणि योग्य गाद्यांशिवाय करू देऊ नये, हे तासिकेतच स्पष्ट बजावावे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवते. दोन्ही वेळा तिच्यावर उड्या घेणे गुडघ्यांना व घोट्यांना घातक आहे. लांब उडीचा वाळूचा खड्डा खणून मोकळा करावा, त्यातील खडे वेचावेत आणि दीड-दोन फूट उंच, न डगमगणाऱ्या लाकडी चौरंगावरून त्यात उतरण्याचा सराव घ्यावा. पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षा जास्त फाकलेले नसावेत, चवडे आधी टेकावेत, गुडघे पावलांच्या दिशेने वाकावेत, आत वळू नयेत, हात पुढे, नजर समोर. आणि मग तीन मोजेपर्यंत हलायचे नाही. एका वेळी एकच मूल उतरेल. हे जमले की अर्धे वळण घेऊन उतरणे. जोडीला भिंतीला टेकून हातांवर उभे राहणे, पुढची कोलांटउडी आणि बारला नुसते लटकणे एवढे रोज करावे. एप्रिल-मेमध्ये हा सराव सकाळीच उरकावा. ऊन चढल्यावर तापलेला लोखंडी बार तळहात सोलून काढतो.

जे मूल सांगितल्याशिवाय रोज येते, उतरल्यावर न हलता थांबते आणि पडल्यावर पुन्हा रांगेत उभे राहते, त्याचे नाव वेगळे लिहून ठेवावे. अंगाची लवचिकता पाहून निवड करण्याची आपल्याकडे सवय आहे, पण मला ती अपुरी वाटते. अशा मुलाला जेथे खरे साहित्य आहे तेथे एकदा तरी न्यावे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि तेथील पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. मल्लखांब करणाऱ्या मुलाला बार आणि रिंग्ज पहिल्या दिवसापासून परके वाटत नाहीत, हे पालकांनाही सांगण्यासारखे आहे. शालेय स्पर्धांचे वेळापत्रक, वयोगट आणि क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या यांची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जूनमध्येच करावी. पालकांची बैठक मात्र सोयाबीन निघून कापसाची वेचणी ऐन भरात येण्याआधी ठेवावी, आणि वसतिगृह, शाळा बदलण्याचा दाखला व येण्याजाण्याचा खर्च यांची माहिती कागदावर लिहून त्यांच्या हाती द्यावी, म्हणजे घरी बसून त्यांना तिचा विचार करता येईल.