लहान मुलाला इन्सुलिन टोचताना या चुका टाळा

आमच्या लेकीला टाइप १ मधुमेह असल्याचं कळलं तेव्हा ती चार वर्षांची होती. इन्सुलिन टोचायचं पेन दिसलं की ती मागच्या दारानं माडांत पळायची, तिच्यामागे मी, माझ्यामागे सासूबाई. धरून आणायची, पडवीत आडवी करायची, दोघींनी दाबून धरायची. आज ती सात वर्षांची आहे आणि मांडी स्वतः पुढे करते. मधे बरंच काही आम्हालाच बदलावं लागलं.

"दुखणार नाही" म्हणू नका. सुई टोचली की दुखतं. एकदा खोटं पकडलं की मूल तुमच्या कुठल्याच शब्दावर भरवसा ठेवत नाही. झोपेत गुपचूप टोचलंत तर त्याला झोपायचीच भीती बसते. आम्ही सांगायला लागलो, "मुंगी चावल्यासारखं होईल, तू दहा मोजलेस की सुई बाहेर." पेनची कळ दाबल्यावर सुई दहा सेकंद आतच ठेवायची असते, नाहीतर इन्सुलिनचा थेंब बाहेर येतो आणि डोस कमी पडतो. म्हणजे तिचं मोजणं खरंच कामाचं आहे, आणि हे तिला ठाऊक आहे. पहिले काही दिवस ती रडत रडत मोजायची, पण मोजायची.

सुईचा धाक दाखवू नका. "गप रव, नायतर डाक्टर येतलो नि सुई मारतलो" हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. ज्या मुलाला रोज चार वेळा सुई घ्यायची आहे, त्याच्या लेखी ती शिक्षा ठरता कामा नये. "गोड खाल्लंस म्हणून झालं" हे तर त्याहून वाईट. टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. आंबे, मोदक खाऊन हा आजार होत नाही. आजीला, शेजारणींना हे एकदा नीट सांगा, आणि मुलाच्या देखत सांगा. त्याच्या मनावरचं ओझं उतरतं.

"टोचूया का गं?" असंही विचारू नका, उत्तर एकच येणार. उजवी मांडी की डावी, आईजवळ की बाबांजवळ, एवढंच विचारायचं. आडवं दाबण्यापेक्षा मांडीवर पाठमोरं बसवून कवेत घ्या.

रोज त्याच जागी टोचू नका. एकदा महिनाभर लेकीच्या शुगरचा मेळ लागेना. डोस तोच, जेवण तेच, आकडे मात्र वर-खाली. शेवटी अंघोळ घालताना डाव्या मांडीवर बोटांना चिंचोक्याएवढी मऊ गाठ लागली. एकाच जागी टोचून चरबीची अशी गाठ होते, तिच्यातून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. आणि मुलं नेमकी तीच जागा पुढे करतात, कारण तिथे दुखत नाही! आठवड्यातून एकदा बोटांनी चाचपून बघा. पोट, मांड्या, कुल्ले असे आळीपाळीने घ्या, आधीच्या जागेपासून बोटभर दूर.

सुई नेहमीपेक्षा जास्त झोंबत असेल तर कारण बहुधा साधं असतं. इन्सुलिन फ्रिजमधून काढल्या काढल्या गारच टोचलेलं, स्पिरिट वाळलेलं नाही, किंवा सुई आधीची वापरलेली. लहान मुलांना ४ मिलिमीटरची सुई पुरते, लांब घेऊ नका.

पेनऐवजी सिरिंजने देत असाल तर बाटली आणि सिरिंज दोनदा तपासा. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० युनिटच्या बाटलीला नारिंगी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो. लहान मुलाच्या जिवावर बेतेल.

इन्सुलिन गार ठेवायच्या मडक्यावर डोळे झाकून विसंबू नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरातलं बहुतेक इन्सुलिन २५ ते ३० अंशांपर्यंत साधारण २८ दिवस चालतं. पावसात दोन-दोन दिवस वीज नसली की आपण मडकं काढतो, पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते घाटावरच्याइतकं गार होत नाही. आत थर्मामीटर ठेवा. फ्रीझरला चिकटून इन्सुलिन गोठलं तर ते वितळल्यावरही वापरू नका, टाकून द्या.

इन्सुलिन बंद करू नका. देवळात गाऱ्हाणं जरूर घाला, आम्हीही घातलं. पण कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड यांच्या भरवशावर एक दिवसही इन्सुलिन सोडू नका. ताप आला, मूल जेवलं नाही, तरीही सोडायचं नाही. शुगर बघून डॉक्टरांना फोन करायचा, डोस किती ते तेच सांगतील. ७० च्या खाली शुगर गेली तर मात्र आधी साखर किंवा ग्लुकोज द्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची.

शुगर चढलेली असताना उलट्या, पोटदुखी, धाप, श्वासाला फळासारखा वास यांतलं काहीही दिसलं तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका. शेजाऱ्याला उठवा, गाडी काढा आणि रात्रीच हॉस्पिटल गाठा.