जुन्या मोटरहोमचे इलेक्ट्रिकल पॅनेल: समजून घेताना या चुका टाळा

जुन्या मोटरहोमच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, दाराशेजारी बसवलेले इलेक्ट्रिकल पॅनेल पहिल्यांदा पाहिले की ते आपल्याला सारे काही सांगत आहे असे वाटते: बॅटरी किती भरली आहे, टाकीत पाणी किती आहे, बाहेरची वीज जोडलेली आहे की नाही. प्रत्यक्षात त्याच्यापर्यंत आलेल्या वायरींच्या टोकांवर जे पोचते तेवढेच ते दाखवते, आणि पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या, दोन-तीन मालकांच्या हाताखालून गेलेल्या गाडीत त्या वायरींच्या दुसऱ्या टोकाला काय असेल हे गृहीत धरता येत नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका याच एका गैरसमजातून होतात. त्यांतली एक तर मी स्वतः पदरचे पैसे घालून केलेली आहे.

दोन यंत्रणा आणि दोन बॅटऱ्या यांची गल्लत

मोटरहोममध्ये विजेच्या दोन यंत्रणा शेजारीशेजारी असतात. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचे कंट्रोल आणि खुद्द पॅनेल १२ व्होल्ट डीसीवर चालतात, तर प्लग पॉइंट आणि बॅटरी चार्जर बाहेरून केबलने घेतलेल्या एसी विजेवर, जी देशाप्रमाणे २३० किंवा १२० व्होल्टची असते. डीसीच्या बाजूला पुन्हा दोन बॅटऱ्या असतात: इंजिन सुरू करणारी स्टार्टर बॅटरी आणि राहण्याच्या भागाला वीज पुरवणारी हाउस बॅटरी. इंजिन चालू असताना एक रिले, म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारा स्विच, या दोघींना जोडतो, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे वीज तयार करणारे यंत्र) दोन्ही चार्ज करतो. इंजिन बंद झाले की रिले त्यांना वेगळे करतो.

जुन्या ब्रिटिश गाड्यांतील अनेक पॅनेलांवर तीन जागांचा स्विच असतो: एका टोकाला गाडीची बॅटरी, दुसऱ्या टोकाला हाउस बॅटरी आणि मध्ये बंद. हा स्विच चुकून स्टार्टर बॅटरीवर राहिला तर रात्रभर दिवे उत्तम चालतात आणि सकाळी इंजिन सुरू होत नाही. जर्मन गाड्यांत बहुधा पॅनेल हा नुसता दर्शनी चेहरा असतो. फ्यूज, रिले आणि चार्जर एकत्र असलेली खरी पेटी सीटखाली किंवा कपाटाच्या तळाशी सापडते. पॅनेल खोलून फ्यूज शोधणाऱ्याने आधी ही पेटी शोधावी. अशा पॅनेलवरच्या पाट्याही जर्मन भाषेत असू शकतात, तेव्हा ‘फ्रिशवासर’ म्हणजे पिण्याचे-वापराचे पाणी आणि ‘अबवासर’ म्हणजे सांडपाणी एवढे तरी लक्षात ठेवावे.

व्होल्टेजचा आकडा पाहून लगेच निष्कर्ष काढणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला काही तास कोणताही लोड (वीज घेणारे उपकरण) नसेल आणि चार्जिंगही नसेल, तर साधारण १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास उतरलेली, असा हिशेब लागतो. यातला ‘काही तास’ हा भाग बहुतेक जण विसरतात. चार्जर नुकताच काढलेला असेल तर बॅटरी थकलेली असूनही आकडा १३ च्या आसपास दिसतो, आणि पंप व हीटरचा पंखा चालू असताना चांगली बॅटरीसुद्धा १२.१ दाखवते. सकाळी उठल्यावर, काहीही चालू करण्याआधी घेतलेले रीडिंग त्यातल्या त्यात विश्वासार्ह.

दुसरी गोष्ट, पॅनेलवरचा आकडा बॅटरीचा नसून पॅनेलपर्यंत पोचलेल्या व्होल्टेजचा असतो. माझ्या गाडीत नळ उघडला की दिवे मंद होत, पंप कण्हत असे आणि पॅनेलवरचा आकडा ११.७ पर्यंत खाली येई. मी आधी नवीन पंप बसवला. फरक पडला नाही. मग बॅटरी बदलायची ठरवली होती, पण त्याआधी, जरा उशिराच, मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजणारे हातातले उपकरण) घेतला. पंप चालू ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजले तर १२.५ व्होल्ट होते. म्हणजे बॅटरी आणि पॅनेल यांच्या दरम्यान कुठेतरी ०.८ व्होल्ट गळत होते.

अशी गळती शोधण्याची पद्धत सोपी आहे. लोड चालूच ठेवावा आणि मल्टिमीटरची दोन टोके बॅटरीच्या दोन ध्रुवांवर न ठेवता एकाच वायरीच्या दोन बाजूंना ठेवावीत: फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, रिलेच्या दोन टोकांवर, निगेटिव्ह टर्मिनल आणि चॅसीवरचा (गाडीच्या धातूच्या सांगाड्यावरचा) अर्थचा बोल्ट यांच्या दरम्यान. जोड चांगला असेल तर रीडिंग शून्याच्या जवळ येते. माझ्याकडे बॅटरीजवळच्या मुख्य फ्यूजच्या होल्डरवर ०.६ आले आणि उरलेले अर्थच्या गंजलेल्या बोल्टवर. होल्डरचे प्लॅस्टिक एका बाजूने तपकिरी पडलेले होते, आणि यात नवल नव्हते, कारण सहा अँपिअर करंट ०.६ व्होल्टच्या अडथळ्यातून जातो तेव्हा त्या इवल्याशा जागेत साडेतीन वॉटहून अधिक उष्णता तयार होते. होल्डर बदलला, बोल्टखालचा रंग आणि गंज खरवडून धातू उघडा केला, आणि प्रश्न मिटला. काढलेला पंप अजून माझ्या सीटखाली पडून आहे.

पॅनेल पूर्णपणे मृत वाटत असेल तेव्हाही पहिला संशय याच मुख्य फ्यूजवर घ्यावा. तो बॅटरीच्या अगदी जवळ, वायरीतच बसवलेला असतो आणि गाडीच्या फ्यूजबॉक्समध्ये त्याचा पत्ता लागत नाही.

दिवा लागला म्हणजे चार्जिंग सुरू झाले असे मानणे

बाहेरच्या विजेचा दिवा एवढेच सांगतो की केबलमधून वीज आत आली आहे. चार्जरला अनेक गाड्यांत वेगळा स्विच असतो, कधी वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) असतो, आणि चार्जरच्या बाहेर पडणाऱ्या बाजूलाही फ्यूज असतो. यांतले काहीही बंद असले तरी दिवा निमूटपणे लागलेलाच राहतो. खात्री करायची तर केबल जोडण्यापूर्वी आणि जोडल्यानंतर दहा मिनिटांनी हाउस बॅटरीच्या टर्मिनलवर मोजावे. १२.४ चा आकडा १३.५ च्या वर गेला तर चार्जर काम करतो आहे. तसाच राहिला तर नाही. हीच चाचणी इंजिन सुरू करून घेतली की अल्टरनेटर आणि जोडणारा रिले यांचीही परीक्षा होते. स्टार्टर बॅटरीवर १४ आणि हाउस बॅटरीवर १२.४ असे दिसले तर दोष रिलेत, त्याला चालवणाऱ्या बारीक वायरीत किंवा त्या वाटेवरच्या फ्यूजमध्ये असतो. अल्टरनेटरला हात लावू नये.

जुन्या मालकाने नंतर बसवलेले सोलर पॅनेल बहुधा रेग्युलेटरमार्फत (सोलरचे चार्जिंग नियंत्रित करणाऱ्या पेटीतून) थेट बॅटरीला जोडलेले असते, त्यामुळे त्याचे चार्जिंग मूळ पॅनेलवर कुठेच दिसत नाही. ते दिसत नाही म्हणून बिघाड शोधत बसू नये. उलट, बॅटरी काढायची असेल तर आधी सोलरची वायर सोडवावी, कारण बॅटरीशिवाय राहिलेला रेग्युलेटर खराब होऊ शकतो.

गॅस, एसी आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणाऱ्या फ्रिजबद्दलही अशीच तक्रार ऐकू येते, की उभ्या गाडीत तो १२ व्होल्टवर चालत नाही. बहुतेक गाड्यांत तो तसा चालू नये अशीच जोडणी असते. हा फ्रिज १२ व्होल्टवर दहा अँपिअरच्या आसपास करंट खातो, आणि इंजिन बंद असताना चालू राहिला तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी पाच-सहा तासांत निम्म्यावर आणतो. काही गाड्यांत तर इंजिन सुरू होताच राहण्याच्या भागातले दिवे आणि पंपही बंद होतात. तीही मुद्दाम केलेली रचना आहे.

टाकीचा काटा शब्दशः घेणे

टाकीत वेगवेगळ्या उंचीवर धातूच्या काड्या असतात आणि पाण्यातून त्यांच्या दरम्यान वाहणाऱ्या अत्यल्प करंटवरून पॅनेल पातळी ओळखते. म्हणून ते पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण असे टप्प्यांनीच बोलते. सांडपाण्याच्या टाकीत साबण आणि तेलकट थर काड्यांवर बसला की टाकी रिकामी करूनही पॅनेल भरलेली सांगते. स्वच्छ पाण्याच्या टाकीत क्षार साचले तर उलटे, भरलेली टाकी अर्धी दिसते. पॅनेल बदलण्याआधी काड्या पुसाव्यात.

फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणे

फ्यूज उपकरणासाठी नसून वायरीसाठी असतो. पात्याच्या फ्यूजवर रंग ठरलेले असतात: ५ अँपिअर फिकट पिंगट, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. निळ्याच्या जागी हिरवा दिसला, तर कुणीतरी मूळ दोष शोधण्याऐवजी तो झाकला आहे असे समजावे आणि त्या वायरीचा प्रत्येक इंच तपासावा, कारण लाकडी फर्निचरच्या मागून गेलेली वायर तापली तर ते वासावरूनच कळते आणि तोवर उशीर झालेला असतो.

मुख्य स्विच बंद केला की सारे बंद, असा समज

गॅस अलार्म, रेडिओची मेमरी, विद्युत पायरी (दाराखालची विजेवर आत-बाहेर होणारी पायरी) आणि पॅनेलचे स्वतःचे सर्किट अनेकदा मुख्य स्विचला वळसा घालून जोडलेले असते. हे मिळून ५० मिलीअँपिअर घेत असतील तर दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास जातात. उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी ‘आपोआप’ उतरते ती अशी. मोजायचे असल्यास निगेटिव्ह वायर सोडवून मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर ती वायर आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांच्या मध्ये जोडावा, आणि तो जोडलेला असताना पंप किंवा पायरी मुळीच चालू करू नये.

लिथियम बॅटरी बसवणाऱ्यांसाठी एक वाक्य पुरे: ती बराच काळ १३.२ व्होल्टच्या आसपास स्थिर राहते, त्यामुळे लेड-अ‍ॅसिडसाठी बनवलेले जुने पॅनेल तिला शेवटपर्यंत भरलेलीच दाखवेल, आणि तिच्यासाठी करंट मोजणारा वेगळा मॉनिटर लागेल.

घाईने पॅनेल खोलणे

स्क्रूला हात लावण्यापूर्वी बाहेरची केबल काढावी, मग सोलर सोडवावे, मग बॅटरीची निगेटिव्ह आणि शेवटी पॉझिटिव्ह वायर काढावी. जोडताना क्रम उलटा. एसीच्या बाजूचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे, आपण फक्त आरसीसीबीचे (वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण दाबून तो ट्रिप होतो का एवढे पाहावे. मागच्या कनेक्टरांचे फोटो काढून मगच ते सोडवावेत, वायर न ओढता प्लॅस्टिकला धरून. पिनांवर हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने तो काढून कनेक्टर दोन-तीनदा काढ-घाल करावा. मृत ठरवलेली कितीतरी पॅनेले एवढ्यानेच बोलू लागतात.

पॅनेल उघडे आहे तोवर प्रत्येक स्विच खरोखर काय चालवतो ते तपासून कागदी टेपवर लिहावे आणि तो टेप मागच्या बाजूला चिकटवावा. माझ्या पॅनेलवर ‘ऑक्स’ (ऑक्झिलिअरी, म्हणजे जादा) अशी पाटी असलेला एक स्विच होता, जो दाबल्यावर काहीच होत नसे. त्याची वायर मी शेवटपर्यंत माग काढत गेलो, तेव्हा ती कपाटाच्या मागे काळ्या टेपच्या गोळ्यात संपलेली सापडली, आणि तिला वाटेत कुठेही फ्यूज नव्हता.